वर मोहळ उठलंय

पहिल्या भागाच्या वेळी
साहेब हा गड पळत चढलेते.
मी पाहिलंय. अंधारीत टेंभा धरून मीच होतो,
वटवाघळं उठू नयेत म्हणून श्वास दाबून,
आणि ते माझ्या अंगावरून गेले वावटळीसारखे,
हातात खोटं पिस्तूल, दात काढत.
कट म्हणल्यावरही थांबले नाहीत.
थेट बारादरीत जाऊन मुतले म्हणे.

त्याला अठ्ठावीस वर्षं झाली.
पारसचा हा नववा भाग.
दर भागात जग बुडायला निघतं,
दर भागात बुडायचं राहतं.
तेवढ्यात आमच्या दौलताबादेत
पेरूच्या बागा गेल्या, धाबे आले,
शहराच्या पाट्या खरवडून नवं नाव लिहिलं.
पारस तोच. कोट तोच.
कोटातला माणूस मात्र व्हॅनीतून उतरताना
आधी डावा पाय टाकतो,
मग थांबतो,
मग डोंगराकडंच बघायचं होतं असं बघतो.
मला कळतं. माझा उजवा.

पळायला खुलताबादचा पोरगा आणलेला,
पंक्चरवाल्या शब्बीरचा इरफान.
पाठीकडून हुबेहूब पारस.
दिवसभर चढला, सतरा टेक.
साहेब खुर्चीत. मधेच उठून
तोंडावर घामाइतकं पाणी मारून घ्यायचे
आणि चेहरा द्यायचे.
पोरगा धापा टाकत खाली आला की सांगायचे,
"मी जरा खांदा पुढं काढून पळतो."
पळायचो नाही म्हणाले. पळतो.

रात्री सगळं आवरल्यावर माझ्या टपरीशी एकटेच.
"कचरू ना तुम्ही?"
नाव ध्यानात होतं का कुणी सांगितलेलं, देव जाणे.
"कॅमेरा नको, कुणी नको. चला, वर जाऊ."

मेंढा तोफेपाशी बसलो एकदा.
खंदकाच्या पुलावर दुसऱ्यांदा.
अंधारीत त्यांनी माझा खांदा धरला,
वाट दिसत नसेल म्हणून असेल.
दोघांचे गुडघे वाजत होते
आणि त्या बोगद्यात कुठलाही आवाज दुप्पट होतो.
बाहेर आलो तर समोर चढ, चांदण्यात नुसता उभा.
ते कठड्याला टेकले. ओठ पांढरे.
"किती राहिल्या पायऱ्या?"

पस्तीस वर्षं मी या गडावर थापा मारतोय.
उकळतं तेल, खंदकातल्या मगरी,
अंधारात आपलीच माणसं कापणारी फौज.
पर्यटकाला आकडा मोठा लागतो, मी मोठा देतो.
त्या रात्री म्हणलं,
"वर बंद आहे साहेब. आग्या मोहळ उठलंय."

ते बघत राहिले.
दर भागात शेवटून दुसऱ्या रिळात
आपलाच माणूस फितूर निघतो,
तेव्हा पारस बघतो ना, तसं.
"माश्या रात्री झोपत नाहीत?"
"गडावरच्या नाही झोपत."
"मग इलाज नाही," म्हणाले,
आणि लगेच, फारच लगेच, बसले.

पिशवीत दोन सीताफळं होती.
बी कुणाची लांब जाते यावर पैज लागली,
खंदकाच्या काळोखात थुंकत बसलो दोन म्हातारे.
ते जिंकले.
मी मुद्दाम हरलो नाही, हे मात्र लिहून घ्या.

पिक्चर लागला तेव्हा नातीला घेऊन गेलो.
पारस गडाच्या माथ्यावर, कोट वाऱ्यात,
एक हात मेंढा तोफेच्या शिंगावर,
खाली सगळा मुलूख.
शिट्ट्या, चिल्लर, नुसता धुरळा.
नात माझ्या कानाशी आली,
"आबा, ही तोफ तर खाली आहे ना,
खंदकाच्या अलीकडं?"

"गप," म्हणलं,
"त्या दिवसापुरती वर नेलेली."